बारा वेळा उघडलेला चाकू

चाकू घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी धारेवरून अंगठा फिरवतो. शेतकरी असो, वकिलाचा कारकून असो की शाळामास्तर, यात फरक नाही. अंगठा फिरवून तो गंभीरपणे मान हलवतो, जणू चाकूने त्याच्या कानात काही सांगितलं. चाकूने काही सांगितलेलं नसतं. धार दगडावर पाच मिनिटांत लावता येते, तिच्यासाठी पैसे मोजायचे नसतात. घडीच्या चाकूत पाहायचं असतं ते त्याच्या सांध्यात, आणि तिथे कोणी पाहत नाही.

अमरावतीत परकोटाच्या आत आमचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. अडकित्ते, कात्र्या, विळ्या, कुलपं, कड्याकोयंडे, आणि काचेच्या पेटीत घडीचे चाकू. आमच्याकडे त्याला सगळे चक्कू म्हणतात. दुकान मुळात यांचं, माझ्या सासरचं. माझे वडील अकोल्याला मास्तर होते आणि लोखंडाशी माझा संबंध विळी-उलथण्यापलीकडे नव्हता. पण लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली आणि यांच्या बोटांचे सांधे धरले. घडीचा चाकू नखाने उघडावा लागतो. यांना तो उघडेना. गिऱ्हाइकासमोर चाकू हातात घ्यायचा, दोन-तीनदा नख अडकवायचं आणि शेवटी म्हणायचं, "बघा बरं, तुम्हीच बघा." ज्या दुकानदाराला स्वतःचा चाकू उघडत नाही त्याच्याकडून कोण घेणार? तीन महिन्यांत एक चाकू खपला, तोही यांच्या मावसभावाने भिडेपोटी नेला. चौथ्या महिन्यात मी गादीवर येऊन बसले आणि हे मागच्या खोलीत बसून हिशेबाच्या ऐवजी मला सूचना देऊ लागले.

लोक बोलायचे ते बोलले. आमच्या गल्लीतल्या एका वकिलीणबाईंनी विचारलं, "इतकी चाकूसुऱ्यांची सोबत, भीती नाही वाटत हो तुम्हाला?" मी म्हटलं, "तुम्ही रोज सकाळी विळीवर पाय देऊन बसता तेव्हा वाटते का?" त्यानंतर त्या अडकित्ता घ्यायला आमच्याकडेच येऊ लागल्या.

आता रोजच्या वापराचा चाकू कसा निवडावा, ते सांगून टाकते. फुकटचं आहे, लक्षात ठेवा. चाकू कानाजवळ धरून सावकाश उघडा. आतली कमान पात्याच्या बुडाला दाबून धरते, म्हणून पुरता उघडला की 'खट्' असा एक कोरडा आवाज आला पाहिजे. आवाज ओला आला, म्हणजे मंद, तर कमान मऊ आहे. सहा महिन्यांत पातं आपल्या मर्जीने मिटेल आणि मध्ये तुमचं बोट असेल. मग पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. हललं तर ठेवून द्या, दुकानदार काहीही म्हणो. मग मिटून उजेडाकडे धरा. टोक मुठीच्या आत पुरतं बुडालेलं हवं.

या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व मला दर्यापूरकडच्या एका शेतकऱ्याने शिकवलं. धोतरवाल्या माणसाला खिसा नसतो, तो चाकू कनवटीला खोचतो. हा गृहस्थ आठ दिवसांनी परत आला आणि इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्या चक्कूनं मले पंगतीतून उठवलं."

"म्हणजे?"

"मांडी घालून बसलो नं मी. लाडू आला, अन् ह्यानं टोचलं. मी उठलो ताडकन. लोकाईले वाटलं, मी रुसलो! व्याही हातापाया पडून राह्यला, काय कमी पडलं म्हन्ते. आता चारचौघांत काय सांगू त्याले, कुठं काय टोचून राह्यलं थे?"

"मग?"

"मग काय, रुसलो. इलाजच नव्हता."

तेव्हापासून प्रत्येक मिटलेला चाकू मी लुगड्याच्या पदरावरून ओढून पाहते. धागा अडकला तर तो चाकू पेटीत जात नाही.

तक्रारी सगळ्याच माझ्या मालाच्या नसत. लग्नसराई संपली की हमखास पाच-सात चाकू काळे पडून परत येतात. हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात चाकू देतात आणि त्याच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं. ते लिंबू तीन दिवस तिथेच. लिंबाचा रस पोलादाला काय करतो हे सांगायला कोणी लागत नाही, पण नवरदेवाचा बाप येऊन पेटीवर चाकू आपटतो आणि म्हणतो, "हे काय माल हाय? पोराचं लगन बी धडसं झालं नाई, अन् चक्कू जंगला!" मी म्हणते, लिंबू खरं होतं ना, मग चाकू कशाला खरा घेतलात? पण माणसं दाखवायच्या दिवशी चांगली वस्तू घेतात आणि वापरायच्या दिवशी तीच पुन्हा काढतात. त्यांना मी आता दोन चाकू सांगते, एक लिंबाचा, एक शेताचा.

लढाई सुरू झाली आणि विलायती चाकू यायचे थांबले. मुंबईहून येईल तो माल म्हणजे पत्र्याची मूठ, आणि पातं असं की भेंडी चिरताना वाकावं. मी अकोल्याला माहेरी गेले होते तेव्हा वडिलांनी कासमभाईंचं नाव सांगितलं. कासमभाई तिथले लोहार; ते जुन्या करवतींच्या पात्यांतून चाकू घडवत. मूठ म्हशीच्या शिंगाची, लाखेने चिकटवून दोन खिळ्यांनी पक्की केलेली. मी पहिला चाकू कानाजवळ धरून उघडला तेव्हा ते हातोडी थांबवून पाहत राहिले.

"बाई, तुम्हाले कोनी शिकवलं कान लावायले?"

"कोणी नाही. बोटांवर विश्वास नव्हता म्हणून."

"बरोबर हाय. बोट लालची असते," ते म्हणाले, आणि दर महिन्याला वीस चाकू द्यायचं कबूल केलं.

बडनेऱ्याला गाडी बदलून मी ते चाकू स्वतः घेऊन येई. दुकानात आल्यावर प्रत्येक चाकू बारा वेळा उघडायचा, बारा वेळा मिटायचा, सुतळीचा पीळ कापायचा, तुराटीचा तुकडा सोलायचा आणि मगच पेटीत ठेवायचा, हा माझा नियम. ढिला सांधा आठव्या-नवव्या वेळेला उघडा पडतो. गिऱ्हाइकाला मी सांगत असे, "हा चाकू मी बारा वेळा उघडलाय. दहा वर्षं बोलू नका." माझ्या या वाक्याची मला भलती ऐट होती. कासमभाईंचा माल चालायला लागल्यावर पत्र्याच्या मुठीचे चाकू मी ठेवणंच बंद केलं. वाईट वस्तू विकायची कशाला?

एकट्या नर्सबाईंनी माझ्या चाकूंना नाक मुरडलं. त्या बायकांच्या दवाखान्यात होत्या, कात्र्या आमच्याकडून नेत. मी कौतुकाने शिंगाच्या मुठीचा चाकू पुढे केला तर त्यांनी तो उघडला, उलटा धरला आणि मुठीतल्या फटीत पाहिलं. "इथे काय काय जाऊन बसतं, दिसतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "घरी आंबा कापायला ठीक आहे. आमच्याकडे जे उकळता येत नाही ते आम्ही बाळाजवळ नेत नाही. तुमचा हा उकळत्या पाण्यात टिकेल का?" मी म्हटलं, चाकू काय बटाटा आहे? त्या हसल्या. मी हसले नाही. मालाला नावं ठेवलेली मला आवडत नाहीत.

हे सगळं सांगितलं ते पारबताबाईसाठी.

पारबताबाई वलगावची सुईण. पन्नाशीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पहिल्याच दिवशी तिने मला 'तू' म्हटलं आणि मला ते बरं वाटलं. बाजाराच्या दिवशी येई आणि पेटीकडे न पाहता म्हणे, "थो पत्र्याचा चक्कू दे वं बाई. दोन दे."

"परवाच तर नेलेत, पारबताबाई. चाकू खाता की काय तुम्ही?"

"खातो नं. मिठासंगं."

वर्षात तिने पंधरा-वीस तरी नेले असतील. मी मनात म्हणत असे, काय ही बाई! तेवढ्या पैशांत चार चांगले चाकू आले असते. गरिबाची वस्तू सगळ्यात महाग पडते ती अशी, आणि त्यांना ते समजावून सांगणारं कोणी नसतं. म्हणून मी ठरवलं की आपण समजावून सांगायचं.

पुढे पत्र्याचे चाकू संपत आले होते, कपाशी फुटायला लागली होती, तेव्हा ती आली. त्या दिवशी तिने विनोद केला नाही. तिची एकुलती एक मुलगी सखू, सासर तेल्हाऱ्याकडे. दोन बाळंतपणं सासरीच झाली; एकदा दिवस भरायच्या आतच पोट दुखायला लागलं आणि एकदा पुराने वाट बंद होती. दोन्ही मुलं चांगली रडती-पिती, आणि दोन्ही आठव्या दिवशी आकडी येऊन गेली.

"ह्या खेपेले सातव्यातच आणून ठेवली तिले," पारबताबाई म्हणाली. "जवाई बी संगं हाय. आता माह्या हातानं करतो मी. अर्ध्या वलगावची लेकरं ह्या हातावर आली, बाई. माह्या पोरीचंच काहून नाई जगनार?"

"जगेल. आणि या वेळी तरी चांगला चाकू घ्या." मी कासमभाईंचा चाकू उघडून तिच्या कानाशी धरला. "ऐका. बारा वेळा उघडलाय मी. दहा वर्षं दुसरा लागणार नाही."

तिने आवाज ऐकला. तिला तो आवडला, हे दिसलं. मग म्हणाली, "पन बाई, एक कसा पुरन मले? थो त तिथंच राह्यते."

"मग दोरी बांधा त्याला आणि कमरेला अडकवा," मी म्हणाले. "वस्तू जपायला नको का?"

तिने बोलायला तोंड उघडलं होतं. पण माझ्यासमोर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं आणि मी चाकू कागदात गुंडाळत होते. ती चाकू घेऊन गेली. त्या दिवशी मला फार समाधान वाटलं होतं, हे लिहायला हवं.

दीड महिन्याने, भर दुपारी, सायकल दुकानाच्या पायरीला टेकवून एक तरुण माणूस आत आला. घामाने अंगरखा पाठीला चिकटलेला. तो सखूचा नवरा, किसना.

"बाई, चक्कू पाह्यजे. नवा. कोनी हात न लावलेला."

मी पेटी उघडली. "हे घ्या, सगळे नवेच. प्रत्येक चाकू मी स्वतः बारा वेळा..." आणि मी थांबले. "हात न लावलेला म्हणजे?"

"ज्यानं काई कापलं नाई असा. सासूमाय म्हन्ते, लेकराले नवं लोखंड लागते. नाळ नव्यानं कापाची, अन् थो चक्कू बाळंतिणीच्या उशाखाली ठेवाचा. मंग थो तिथंच राह्यते. बारसं झाल्यावर बी लोक देत नाईत, लेकराचा रक्षणवाला म्हन्तेत त्याले."

पत्र्याचे पंधरा-वीस चाकू कुठे जात होते ते मला त्या क्षणी कळलं. वलगावातल्या पंधरा-वीस उशांखाली.

"आणि मी दिलेला?"

"थो पयल्याच घरी राह्यला. शिंगाची मूठ पाहून त कोन देनार? मंग दुसऱ्या घरची बाई अडली. मायकडं चक्कू नव्हता. तिथलाच विळा घेतला." तो खाली पाहू लागला. "थे लेकरू आठव्या दिवशी गेलं. तवापासून माय धड जेवली नाई. म्हन्ते, जुन्या लोखंडानं घात केला. अन् आज पहाटपासून सखूच्या पोटात दुखून राह्यलं. पंधरा दिवस होते अजून."

"मग मधल्या काळात नवा का नाही नेला?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

उत्तर मागच्या खोलीतून आलं. "गेल्या बाजाराच्या दिवशी ती आली होती," हे म्हणाले. "तू अकोल्याला होतीस. पत्र्याचा मागत होती. मी म्हटलं, आम्ही ठेवत नाही आता. चांगला दाखवला. तिच्याजवळ तेवढे नव्हते. गेली."

मी पेटीकडे पाहिलं. एकूण सतरा चाकू. एकेकाने सुतळी कापलेली, तुराटी सोललेली. वरच्या फळीवर कालच आणलेली पुडकी होती, पण कासमभाईही चाकू द्यायच्या आधी चामड्याच्या तुकड्यावर चालवून पाहतात. माझ्या सगळ्या दुकानात एकही चाकू असा नव्हता की ज्याने काही कापलं नाही. पत्र्याचा एखादा उरला असता तर असता. त्यांची परीक्षा घ्यायच्या लायकीचे मी ते कधी समजलेच नव्हते.

एखादा चाकू कागदात गुंडाळून 'हा घ्या नवा' म्हणता आलं असतं. किसनाला काय कळणार होतं? पण मला नर्सबाईंनी चाकू उलटा धरून दाखवलेली ती फट आठवली.

"सायकलवर पुढे व्हा," मी म्हटलं. "मायला सांगा, मी चाकू घेऊन येते आहे. मी येईपर्यंत नाळ कापायची नाही. ती थोडा वेळ बाळाला तशीच राहिली तरी काही होत नाही, दवाखान्यातल्या बाई सांगतात. आणि चुलीवर पाणी ठेवा, मोठ्या भांड्यात. उकळतं हवं. समजलं?"

"आणि दुकान?" यांनी विचारलं.

"तुम्ही बसा. चाकू मागितला तर गिऱ्हाइकालाच उघडू द्या."

कालच्या पुडक्यातला एक चाकू, नवी सुताची गुंडी आणि मोरीवरची लाल साबणाची वडी एवढं घेऊन मी टांग्यात बसले. वलगाव तीन कोसांच्या आत. पण दिवस कापसाचे. समोरून बाजाराला येणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, पांढऱ्या डोंगरासारख्या भरलेल्या, आणि एकही बाजूला होईना. टांगेवाला ओरडून थकला. पेढी नदीच्या अलीकडे एका गाडीचं चाक निखळून रस्ता पुरता अडला, तेव्हा मी उतरले आणि नदीपासून गावापर्यंत पायी गेले. धावले म्हटलं तरी चालेल. चाळिशीतल्या बाईला लुगड्यात धावताना वलगावने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

मूल झालेलं होतं. मुलगी. पदराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून आईजवळ ठेवलेली, नाळ तशीच. सखू भिंतीकडे तोंड करून पडली होती; ती बाळाकडे पाहतच नव्हती. दोनदा आठ दिवस पाहून झालं होतं तिचं. शेजारची एक म्हातारी हातात विळा घेऊन बसली होती आणि एकसारखी बोलत होती, "काय वाट पाहून राह्यली वं पारबता? काप नं एकदाची! आमच्या येळेले कोन नवे चक्कू आणत होतं?"

पारबताबाईने मला पाहिलं आणि तिने एकच विचारलं, "हात लागला का ह्याले?"

"लागला," मी म्हटलं. "माझा लागला, घडवणाऱ्याचा लागला. चामडं कापलंय याने. म्हणून उकळायचा आहे."

"उकळून नवा होते?"

खरं सांगायचं तर हे बोलायला मी काही डॉक्टर नव्हे. "होतो," मी म्हटलं.

म्हातारी हसली. "लोखंडाची काय भाजी करतं वं?"

पारबताबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहत होती. मग तिने विळा म्हातारीच्या हातून घेतला आणि दाराबाहेर ठेवून आली. "टाक," ती म्हणाली.

मी चाकू पुरता उघडून उकळत्या पाण्यात टाकला, सुताचा धागाही टाकला. आम्ही दोघी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन चुलीपुढे बसलो. जरा वेळाने जळक्या शिंगाचा वास यायला लागला. मी आत डोकावले. लाख वितळून पाण्यावर लाल तवंग आला होता. मग मुठीची एक बाजू पापडासारखी वाकडी झाली, खिळा सुटला, आणि कासमभाईंची ती कमान 'टण्' करून भांड्याच्या काठावर आपटली.

पारबताबाई म्हणाली, "हाच का थो दहा वर्षाचा?"

आणि हसली. त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कोणी हसलं असावं, कारण सखूने मान वळवून पाहिलं.

पाव तास मी मोजून घेतला. मग नुसतं पातं बाहेर आलं. फट नाही, सांधा नाही, काही नाही. उकळलेल्या फडक्यात बूड धरून पारबताबाईने नाळ बांधली आणि कापली. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. मी खूप हात पाहिलेत चाकू धरणारे. असा नाही पाहिला. पातं पुसून तिने सखूच्या उशाखाली सारलं. नाळेला राख लावायला म्हातारी पुढे झाली, तिचा हात पारबताबाईने धरला. "आज काईच नाई लावाचं. ह्या बाईनं चक्कूची भाजी केली, आता तिचंच आयकू."

मी संध्याकाळी परत आले. दुकानात हे एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "बघा बरं, तुम्हीच बघा." दोन चाकू खपले होते.

पुढचे आठ दिवस मी कोणाला काही बोलले नाही. बोटांवर मोजत होते, तेही पदराआड. आठव्या दिवशी सकाळपासून रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मान वर होई. कोणी आलं नाही. नवव्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. वाईट बातमी आणायला माणसं धावतात, चांगली आणायला बाजाराचा दिवस लागतो, असं हे म्हणाले. मला ते पटलं नाही. वाईट बातमी माझ्यापर्यंत आणायचं वलगावला काय कारण होतं? आधीचं मूल गेलं ते तरी मला कोणी सांगायला आलं होतं?

बाराव्या दिवशी बाजार होता. पारबताबाई आली, पेटीवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाली, "पत्र्याचे चक्कू दे. चार दे."

"मुलगी?" मी विचारलं.

"थे रडून राह्यली बाप्पा! रातदिस. कान किटले माहे." आणि मग पदराने तोंड पुसून, "सखू पाहते आता तिच्याकडं."

मी खाली वाकले आणि फळीखालचं नवं खोकं वर काढलं. मुंबईला पत्र टाकून मागवलेले पत्र्याच्या मुठीचे चाकू. त्यातला एकही मी उघडला नव्हता. अजूनही उघडत नाही. त्या खोक्यातला चाकू सुईणींशिवाय कोणाला मिळत नाही, आणि देताना मी एवढंच सांगते: हात धुवा, पाव तास उकळा, मूठ निघाली तर निघू द्या. नर्सबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वस्तरा दिलात तर जास्त बरं." मग वस्तऱ्याची पातीही ठेवते. पण सुईणी चाकूच मागतात. उशाखाली ठेवायला तो बरा वाटतो.

ज्या घरी विळा वापरला गेला त्या घराचं नाव मी पारबताबाईला कधी विचारलं नाही. वलगावला नंतर चार-पाचदा गेले. न कळत त्या दारावरूनही गेले असेन.

त्या बाराव्या दिवशी मात्र, किसनाने सांगितलं होतं तरी, माझ्यातल्या दुकानदारणीने एक गोष्ट विचारलीच. पातं उत्तम होतं. कासमभाईंनी नवी मूठ बसवून दिली असती.

"पारबताबाई, बारसं झालं ना? मग ते पातं द्या आणून. पुन्हा चाकू करून देते."

"थो कसा भेटन बाई?" ती म्हणाली. "थो त तिथंच राह्यते."

समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांना थांबायला सांगितलं, पाट पुढे सरकवला आणि म्हटलं, "बसा. का राहतो, ते आता नीट सांगा."